उशिरा पेरलेला गहू म्हणजे उष्णतेची परीक्षा?

गव्हाच्या उष्णतासहनशीलतेवरचे शोधनिबंध वाचायला घेतले की एक प्रयोग पुन्हा पुन्हा भेटतो. तेच वाण दोनदा पेरायचे: एकदा नोव्हेंबरात, एकदा डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत. उशिराचे दाणे मार्च-एप्रिलच्या उन्हात भरतात, उत्पादन घटतं. कोणाचं किती घटलं ते मोजायचं आणि त्यावरून जनुकं शोधायची. कमी खर्चात, खऱ्याखुऱ्या शेतात होणारं काम. माझी हरकत एवढीच, की या घटीला आपण सरसकट 'उष्णतेचा ताण' म्हणतो.

उशिरा पेरलेल्या रोपाला नुसतं ऊन जास्त मिळत नाही. दिवसाची लांबी बदलते, फुटवे यायला वेळ कमी मिळतो. आणि लवकर ओंबीवर येणारा वाण कडक ऊन तापायच्या आधीच दाणे भरून मोकळा! त्याने उष्णता सोसली नाही, चुकवली. शेतकऱ्याला तेही चालतं. सोयाबीन किंवा कापूस निघाल्यावर गहू पेरणाऱ्याला तर असाच वाण हवा असतो. पण मग 'उष्णतेचं जनुक' म्हणून आपण जे दाखवतो, ते फुलोऱ्याची वेळ ठरवणारं 'पीपीडी' किंवा 'व्हीआरएन' जनुकही असू शकतं.

मार्च २०२२ आठवा. भारतातला १९०१ पासूनचा सर्वात उष्ण मार्च. तेव्हा वेळेवर पेरलेलं, पूर्ण वाढलेलं पीक ऐन दाणे भरताना होरपळलं, आणि मे महिन्यात निर्यातबंदी आली. जानेवारीत पेरलेलं खुरटं रोप त्या पिकाबद्दल कितपत सांगणार?

त्यात निर्देशांकाचा घोळ. फिशर आणि मॉरर यांनी १९७८ मध्ये दुष्काळासाठी मांडलेलं सूत्र आपण उष्णतेला लावतो: वाणाची टक्केवारीतली घट भागिले सगळ्या वाणांच्या सरासरी उत्पादनातली घट. समजा, एक वाण हेक्टरी ५० क्विंटलवरून ३५ वर आला, दुसरा ३० वरून २७ वर. निर्देशांक दुसऱ्याला 'सहनशील' ठरवतो. पोती मात्र पहिल्याचीच जास्त भरतात ना?

मार्ग नाही असं नाही. मेक्सिकोतल्या सिमिट संस्थेत 'सेरी' आणि 'बाबॅक्स' यांच्या संकरातून केलेली संतती वापरली गेली, जिच्यात फुलोऱ्याच्या वेळेत फार फरक नाही. त्यावरचा २०१० चा निबंध जरूर वाचा. प्रत्येकाला अशी संतती तयार करणं जमणार नाही, मान्य. पण प्रत्येक वाण कधी फुलला आणि त्याचे दाणे भरताना तापमान किती होतं, एवढा तक्ता तरी निबंधात द्या की!