बलुते, अनुदान आणि मजुरीचा दर

चाकण-महाळुंगे पट्ट्यातील कारखानदारांच्या तोंडी अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकू येते. फुकटचे धान्य आणि खात्यावर येणारा पैसा यांमुळे माणसे कामाला मिळत नाहीत. मध्यमवर्गीय विचारवंत हीच तक्रार 'रेवडी' या शब्दात मांडतात. आमच्यातले काही कार्यकर्तेही, वेगळ्या कारणाने का होईना, त्यात सूर मिसळतात: भीक नको, मजुरी द्या. घोषणा बाणेदार आहे. पण दान कोणते आणि हक्क कोणता, याचा निवाडा तिने केलेला नाही.

दलित समाजाला हा निवाडा नवा नाही. महाराच्या श्रमाला गावगाड्यात काम होते, वेळ नव्हती. मोबदला होता, दर नव्हता. बलुते मिळे ते देणाऱ्याच्या मर्जीने, आणि पुष्कळदा शिव्यांसकट. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक आणले ते या बिनदरी श्रमाविरुद्ध. मजूरमंत्री या नात्याने 1946 साली त्यांनीच किमान वेतनाचे विधेयक मांडले. त्याचा कायदा 1948 साली झाला. या दोन विधेयकांना जोडणारा धागा आमच्या समीक्षेने फारसा पाहिलेला नाही. दया पवारांचे 'बलुतं' (1978) आपण अपमानाची कहाणी म्हणून वाचले, ते योग्यच. पण ती दर नसलेल्या श्रमाचीही कहाणी आहे.

किमान वेतनाचे माप ठरले 1957 च्या भारतीय श्रम परिषदेत. एका कमावत्यामागे तीन उपभोग-घटक, माणशी 2,700 उष्मांक, कुटुंबाला वर्षाकाठी 72 वार कापड, आणि घरभाडे व इंधन. या हिशेबात कामगार एक, बायको 0.8 आणि दोन मुले प्रत्येकी 0.6. (पहाटे उठून भोसरीत कचरा वेचणारी बाई पूर्ण एकसुद्धा भरत नाही, हे गणित कोणी मांडले असेल ते सांगायला नको!) मुलांचे शिक्षण आणि औषधपाणी यांसाठी आणखी 25 टक्के धरावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला 1991 साल उजाडले. 2019 साली सत्पथी समितीने 2018 च्या किमतींनुसार दिवसाला 375 रुपये, म्हणजे 26 दिवसांचे 9,750 रुपये, सुचवले. शहरी घरभाडे वेगळे. केंद्राने त्या वर्षी देशाची किमान पातळी ठरवली ती 178 रुपये.

आता कारखानदारांच्या तक्रारीकडे वळू. ती खोटी आहे असे म्हणण्याची घाई करू नये. घरात धान्य असेल, बाईच्या स्वतःच्या खात्यावर 'लाडकी बहीण'चे 1,500 रुपये येत असतील, तर ठेकेदाराने सांगितलेल्या पहिल्या दराला 'नाही' म्हणता येते. दिवसाला हे 50 रुपयेच होतात. पण उपाशी माणसाला तेवढे 'नाही'देखील परवडत नाही. 1972 च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीविषयी काही बागायतदार असेच कुरकुरत होते. त्या हमीसाठी 1975 पासून व्यवसाय कर लागला. पिंपरीच्या कायम कामगाराच्या पगारातून तो कापला गेला आणि खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीला लागला. यात भीक कोठे आहे?

खरे अनुदान दुसरीकडे आहे आणि त्याला कोणी रेवडी म्हणत नाही. 2024 साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय वा पदविकाधारकाला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. पैसे शासनाचे, काम आस्थापनेचे. 6,000 ला 26 ने भागा: दिवसाला सुमारे 230 रुपये. सत्पथी समितीचा आकडा सहा वर्षे आधीचा, आणि तरीही दीडपटीहून मोठा! त्याआधीच्या 'नीम' योजनेत, जी पुढे बंद झाली, विद्यावेतन निदान अकुशल कामगाराच्या किमान वेतनाइतके तरी देणे भाग होते. मात्र आयटीआय झालेल्या पोराला त्यात अकुशलच धरले जाई. 'प्रशिक्षणार्थी' हा शब्द फार कामाचा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा उमेदवार 'कर्मचारी' या व्याख्येबाहेर आहे.

म्हणून सीमारेषा अनुदान आणि मजुरी यांच्यामध्ये नाही. ज्या पैशाने कामगाराला नकार देता येतो तो एक, आणि ज्या पैशाने मालकाला दर चुकवता येतो तो दुसरा. राजस्थानात दुष्काळी कामावर राबणाऱ्या, बहुसंख्य अनुसूचित जातींच्या, मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी देण्यात आले, तेव्हा शासनाचे म्हणणे होते की हे मदतकार्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली ते फेटाळले: किमान वेतनाखाली काम करवून घेणे ही घटनेच्या 23 व्या कलमातील सक्तीची मजुरीच होय. उपकार म्हणून दिलेले कामसुद्धा दराशिवाय देता येत नाही, असा त्याचा अर्थ. मग प्रशिक्षण म्हणून दिलेल्या कामाचे काय? हा प्रश्न आमच्या संघटनांनी अजून नीट विचारलेला नाही.

आणि आमच्या लेखकांनीही नाही. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) मधल्या नायकाला नोकरी होती, खोली मिळत नव्हती. खराबवाडीच्या पत्र्याच्या खोलीत चौघे मिळून भाडे भरणाऱ्या आजच्या पोराजवळ यंत्र चालवल्याचे प्रमाणपत्र आहे, हजेरीपटावर त्याचे नाव आहे. पगारपत्रक मात्र नाही. त्याची कथा माझ्या वाचनात अजून आलेली नाही.