'डीप पर्पल'च्या अल्बमांची रसिककृत प्रतवारी : निकषांचा एक विचार

लोकप्रिय संगीताच्या अभ्यासात रसिकाची गणना बहुधा 'ग्राहक' म्हणून केली जाते. तो काय विकत घेतो, कोणत्या सामाजिक स्तरातून येतो, संगीताच्या आधारे स्वतःची ओळख कशी घडवितो, हे प्रश्न समाजशास्त्राने समर्थपणे हाताळले आहेत. परंतु हा रसिक ऐकलेल्या संगीताचे मूल्यमापनही करतो आणि त्यासाठी कारणे देतो, या साध्या वस्तुस्थितीकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. सायमन फ्रिथ यांनी 'परफॉर्मिंग राइट्स' (१९९६) या ग्रंथात चांगले-वाईट ठरविणारी चर्चा हाच लोकप्रिय संस्कृतीचा गाभा असल्याचे प्रतिपादन केले. या दृष्टीने पाहता, एखाद्या बँडच्या सर्व अल्बमांची श्रेष्ठ-कनिष्ठ क्रमाने यादी करण्याची चाहत्यांची सवय केवळ विरंगुळा म्हणून सोडून देता येत नाही. ती समीक्षाच आहे. मात्र आपले निकष न सांगणारी समीक्षा आहे.

प्रस्तुत लेखात 'डीप पर्पल' या ब्रिटिश हार्ड रॉक बँडचे उदाहरण विचारात घेतले आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या या बँडचे २०२४ मधील '=१' पर्यंत २३ स्टुडिओ अल्बम प्रसिद्ध झाले. या काळात गायक, गिटारवादक, बासवादक, ऑर्गनवादक असे सर्व बदलत गेले. ड्रमवादक इयन पेस हे एकटेच प्रत्येक संचात होते. त्यामुळे चाहत्यांनी 'मार्क-१', 'मार्क-२', 'मार्क-३' अशी संचांची क्रमांकपद्धती रूढ केली. दिसायला ती कालानुक्रमाची निव्वळ सोय आहे. व्यवहारात मात्र 'मार्क-२' हा शब्दप्रयोग गुणवाचक झाला आहे. रिची ब्लॅकमोर, इयन गिलन, रॉजर ग्लोव्हर, जॉन लॉर्ड आणि पेस यांचा हा संच म्हणजे 'खरा' डीप पर्पल, आणि उरलेले सारे त्याच्या आधीचे किंवा नंतरचे, अशी समजूत त्या आकड्यात दडलेली आहे. आपल्याकडे घराण्यांच्या चर्चेत 'गाणे चांगले आहे, पण आमच्या घराण्याचे नव्हे' असे म्हटले जाते, त्याची येथे आठवण व्हावी.

'इन रॉक' आणि 'मशीन हेड'

प्रथम स्थानासाठीचा वाद बहुतांशी दोनच अल्बमांत चालतो : 'इन रॉक' (१९७०) आणि 'मशीन हेड' (१९७२). दोन्ही एकाच संचाचे आहेत आणि दोहोंत सात-सात गीते आहेत. संचाचा प्रश्न येथे बाजूला पडत असल्याने हा वाद सर्वांत शुद्ध स्वरूपात सौंदर्यविषयक ठरतो, आणि म्हणूनच तो तपशिलाने पाहण्याजोगा आहे.

'इन रॉक'चे ध्वनिमुद्रण दौऱ्यांमधून सवड काढून, वेगवेगळ्या स्टुडिओंत, १९६९ च्या उत्तरार्धापासून १९७० च्या वसंतापर्यंत झाले. तत्पूर्वी, सप्टेंबर १९६९ मध्ये, याच संचाने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह जॉन लॉर्ड यांची 'कॉन्चेर्टो फॉर ग्रूप अँड ऑर्केस्ट्रा' ही रचना सादर केली होती. वाद्यवृंदाबरोबर वाजविणारा बँड अशी आपली ओळख होऊ नये, या ब्लॅकमोर यांच्या आग्रहातून 'इन रॉक' घडला. लॉर्ड यांनी आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या अँप्लिफायरमधून वाजविला, त्यामुळे त्याच्या स्वरांना गिटारशी झुंजण्याइतकी धार आली. 'स्पीड किंग'पासून 'हार्ड लव्हिन मॅन'पर्यंत ही दोन वाद्ये एकमेकांना साथ देतात त्यापेक्षा अधिक वेळ एकमेकांवर चालून जातात. दहा मिनिटांहून दीर्घ असलेल्या 'चाइल्ड इन टाइम'मध्ये गिलन यांचा आवाज कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत चढत जातो, गिटारची गती वाढत वाढत एकाएकी तुटते आणि गीत पुन्हा आरंभीच्या शांततेत येते. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध व समतोल असे प्रकार सांगितले आहेत. त्या परिभाषेत बोलायचे तर 'इन रॉक'ची घडण विरोधलयीची आहे.

'मशीन हेड'ची घडण समतोलाची आहे. 'हायवे स्टार'मधील ऑर्गनचे आणि गिटारचे एकलवादन एकमेकांच्या मापाचे आहे. 'पिक्चर्स ऑफ होम'मध्ये बासगिटारलाही स्वतःची जागा मिळते. 'लेझी'मध्ये ऑर्गनच्या दीर्घ प्रस्तावनेनंतर ब्लूज सहजपणे उलगडतो. अवघ्या सदतीस-अडतीस मिनिटांच्या या अल्बममध्ये फापटपसारा नाही. 'मशीन हेड' श्रेष्ठ मानणारा चाहता 'एकही गीत वगळावेसे वाटत नाही' असे म्हणतो, तेव्हा तो समतोलाचा निकष लावीत असतो. 'इन रॉक'चा पक्षपाती 'असे पूर्वी कोणी वाजविले नव्हते' असे म्हणतो, तेव्हा तो नावीन्याचा, म्हणजे मूलतः ऐतिहासिक निकष लावतो. दोघेही एकाच प्रश्नाचे उत्तर देत आहोत असे समजतात, आणि त्यामुळे हा वाद मिटत नाही.

नावीन्याच्या निकषालाही एक अडचण आहे. 'चाइल्ड इन टाइम'ची ऑर्गनवरील मूळ सुरावट 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या अमेरिकन बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग' (१९६९) या वाद्यरचनेवरून घेतलेली आहे. गिलन यांनी ते उघडपणे मान्य केले आहे. त्या बँडनेही पुढे डीप पर्पलच्या 'रिंग दॅट नेक'चा तसाच उपयोग करून परतफेड केली. येथे चौर्याचा आरोप करण्याचे कारण नाही. मूळ रचना झपाट्याने नाचत जाते, तर तीच सुरावट संथ केल्यावर तिच्यात शोकाची छटा येते, आणि हे रूपांतर हीच खरी निर्मिती आहे. पण मग 'पूर्वी कोणी केले नव्हते' हा युक्तिवाद सोडून 'ज्याचे हे केले ते काय झाले' याविषयी बोलावे लागते. यादी करणारा तेथे क्वचितच पोहोचतो.

'मशीन हेड'च्या स्थानाला आणखी एक टेकू आहे, तो म्हणजे कथेचा. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे फ्रँक झापा यांच्या मैफलीत आग लागून कॅसिनो भस्मसात झाला. तेथेच ध्वनिमुद्रण करण्यासाठी आलेल्या डीप पर्पलला अखेर हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या मार्गिकांत वाद्ये मांडावी लागली. 'स्मोक ऑन द वॉटर' हे गीत हीच हकीकत सांगते. स्वतःच्या जन्माची कथा पोटात घेऊन येणारा असा अल्बम रॉकच्या इतिहासात विरळाच. २०२४ मधील विशेष आवृत्तीसाठी त्याचे नव्याने ध्वनिमिश्रण करण्याचे काम फ्रँक झापा यांचे पुत्र ड्वीझिल यांनी केले, हा योगायोग त्या कथेला पुढे नेणाराच ठरला. बँडला स्वतःला मात्र या गीताचे मोल प्रथम कळले नव्हते. एकल गीत म्हणून त्यांनी आधी 'नेव्हर बिफोर' निवडले होते, जे आज चाहत्यांच्या चर्चेत जवळजवळ नसते.

तरीही 'मशीन हेड'च्या अग्रस्थानाचे सर्वांत मोठे कारण यादीबाहेर आहे, असे माझे मत आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका व टोकियो येथे ध्वनिमुद्रित झालेल्या 'मेड इन जपान' या मैफलीच्या अल्बममध्ये सात गीते आहेत. त्यांपैकी चार ('हायवे स्टार', 'स्मोक ऑन द वॉटर', 'लेझी' आणि 'स्पेस ट्रकिन') 'मशीन हेड'मधील आहेत. यातील 'स्पेस ट्रकिन' मूळच्या साडेचार मिनिटांवरून जवळजवळ वीस मिनिटांवर गेले आहे. बहुसंख्य चाहत्यांच्या कानात ही गीते जपानमधील रूपातच वसलेली असतात, आणि तेच रूप सरस असल्याचे ते सांगतातही. तथापि 'फक्त स्टुडिओ अल्बम' या नियमाने 'मेड इन जपान' स्पर्धेतून बाद होतो आणि त्याचे गुण मात्र 'मशीन हेड'च्या खात्यावर जमा होतात. केवळ स्टुडिओतील ध्वनिमुद्रण समोर ठेवून ऐकले, तर 'इन रॉक' अधिक धाडसी आणि अधिक खोल वाटतो, असा निर्वाळा देण्यास मला संकोच वाटत नाही.

स्पर्धेचे एकक म्हणून 'अल्बम' हा तरी कितपत स्थिर आहे? 'फायरबॉल' (१९७१) या अल्बमच्या ब्रिटिश आवृत्तीत 'डीमन्स आय' हे गीत आहे, तर अमेरिकन आवृत्तीत त्याच्या जागी 'स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन' आहे. म्हणजे लंडनचा आणि शिकागोचा चाहता एकाच नावाच्या दोन वेगळ्या वस्तूंना क्रमांक देत असतो.

वारशाचा प्रश्न

यादीच्या मध्यभागी आल्यावर निकष पूर्णपणे बदलतो. १९७३ मध्ये गिलन व ग्लोव्हर बाहेर पडले. त्यांच्या जागी कपड्यांच्या दुकानात काम करणारा, जवळजवळ अज्ञात असा गायक डेव्हिड कव्हरडेल आणि 'ट्रपीझ' बँडचा बासवादक-गायक ग्लेन ह्यूज आले. या संचाच्या 'बर्न' (१९७४) ला चाहते आदराचे स्थान देतात. त्याच वर्षीच्या 'स्टॉर्मब्रिंगर'मध्ये सोल आणि फंक यांचा प्रभाव स्पष्ट झाला, ब्लॅकमोर नाराज झाले आणि १९७५ मध्ये त्यांनी बँड सोडला. त्यानंतर टॉमी बोलिन या अमेरिकन गिटारवादकासह 'कम टेस्ट द बँड' (१९७५) निघाला; पुढील वर्षी बँड विसर्जित झाला आणि डिसेंबर १९७६ मध्ये बोलिनचे निधन झाले.

'कम टेस्ट द बँड'विषयी चाहत्यांचे एक विधान वारंवार कानी पडते : 'अल्बम उत्तम आहे, पण तो डीप पर्पलचा वाटत नाही.' हे विधान ऐकायला निरुपद्रवी आहे. त्याच्या पूर्वार्धात सौंदर्यनिर्णय आहे, उत्तरार्धात वंशनिर्णय आहे, आणि क्रमांक मात्र उत्तरार्धावरून दिला जातो. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमधील आपल्या सौंदर्यविचाराची ओढाताण दाखविली आहे. येथे तीच ओढाताण एका वाक्यात मावते. वरच्या क्रमांकांसाठी चाहता कलाकृतीकडे स्वायत्त म्हणून पाहतो. मधल्या क्रमांकांसाठी तो निष्ठा, वारसा, अधिकार यांचे लौकिक निकष आणतो. आणि तळाच्या क्रमांकांसाठी, स्पष्टच बोलायचे तर, त्याने पुरेसे ऐकलेलेच नसते. एका यादीत अशा तीन यादी सांधलेल्या असतात. बोलिनचे दुर्दैव असे, की बिली कोबॅम यांच्या 'स्पेक्ट्रम' (१९७३) वरील त्याचे वादन फ्यूजनचे रसिक मनापासून वाखाणतात, आणि डीप पर्पलच्या यादीत त्याच हाताचे वादन 'परके' ठरते.

ही केवळ चाहत्यांची संकुचित वृत्ती आहे, असेही म्हणता येत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने डीप पर्पलचा समावेश केला, तेव्हा पहिल्या तीन संचांतील आठ जणांचा गौरव झाला. पहिल्या संचाचे बासवादक निक सिंपर त्यांत नव्हते, बोलिन नव्हता, आणि १९९४ पासून बँडमध्ये असलेले स्टीव्ह मॉर्सही नव्हते. चाहत्यांची क्रमवारी येथे संस्थेच्या निर्णयात उतरलेली दिसते. सिंपर यांना वगळून त्याच संचातील गायक रॉड एव्हन्स यांना घेण्यामागे कोणता संगीतविषयक निकष असू शकेल, हे समजणे कठीण आहे.

पुनर्मीलनानंतरच्या अल्बमांपैकी 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' (१९८४) वगळता इतरांचा विचार यादींत घाईनेच होतो. 'स्लेव्ह्ज अँड मास्टर्स' (१९९०) हा, ब्लॅकमोर यांच्याच 'रेनबो'तील जो लिन टर्नर गायक असल्यामुळे, बहुतेक वेळा तळाशी जातो. आणि तेथे मला चाहत्यांशी वाद घालावासा वाटत नाही.

मॉर्स यांच्या काळाबाबत मात्र भारतीय श्रोत्याची स्थिती थोडी निराळी आहे. ब्लॅकमोर यांनी १९९३ च्या अखेरीस बँड कायमचा सोडला. एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल मुंबईत आले, तेव्हा मॉर्स नवे होते आणि त्यांचा पहिला अल्बम 'पर्पेंडिक्युलर' (१९९६) प्रसिद्ध व्हायचा होता. त्या मैफलीचे चित्रमुद्रण पुढे 'बॉम्बे कॉलिंग' या नावाने निघाले. त्या रात्री मुंबईकरांनी ऐकलेली गीते मुख्यतः दुसऱ्या संचाची होती, पण गिटारवरचे हात त्या संचाचे नव्हते. ज्याने डीप पर्पल प्रत्यक्ष प्रथम असे ऐकले, त्याच्यासाठी ब्लॅकमोर यांची अनुपस्थिती हा ऱ्हास नसून आरंभबिंदू असू शकतो. अशा श्रोत्याच्या यादीत 'पर्पेंडिक्युलर' चौथ्या-पाचव्या क्रमांकावर आढळला, तर त्याला स्मरणरमणीयता म्हणून बाजूला सारण्याची घाई करू नये. 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग'मधील मॉर्स यांच्या त्या लांबत जाणाऱ्या, भरून येणाऱ्या गिटारविषयी तो काय कारणे देतो, हे आधी ऐकून घ्यावे लागेल.