कासवाची पाठ आणि प्रगतिपुस्तकातला शेरा

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाला २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. ‘देवराई’मध्ये स्किझोफ्रेनिया, ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश आणि ‘कासव’मध्ये नैराश्य, असे मनाच्या आजारांचे विषय या जोडीने सातत्याने हाताळले. शिक्षकांनी हा चित्रपट जरूर पाहावा. मात्र पाहताना एक प्रश्न जवळ ठेवावा, एवढ्यासाठी हा लेख.

कथा थोडक्यात अशी. स्वतः मानसिक त्रासातून गेलेली जानकी कोकण किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या रक्षणाचे काम करणाऱ्या दत्ताभाऊंकडे येते. आयुष्य संपवू पाहणारा एक आजारी तरुण तिला वाटेत भेटतो. ती त्याला घरी आणते, पण त्याचे नाव, गाव किंवा कारण विचारत नाही. तिचा गाडीवान यदू आणि परशू नावाचा पोरका मुलगा त्याच्या भोवती वावरत राहतात. तरुण हळूहळू बोलू लागतो. इरावती हर्षे, आलोक राजवाडे आणि किशोर कदम यांच्या भूमिका संयत आहेत. दत्ताभाऊ झालेले मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हेही येथे नोंदवण्याजोगे.

चित्रपटाचे मोठे बळ या न विचारण्यात आहे. आमच्या मालवणकडे असा कोणी दिसला की पहिला प्रश्न येतो, “तुका काय कमी आसा?” नैराश्य म्हणजे काहीतरी कमी असल्याची तक्रार नव्हे. मेंदूचे कार्य, आनुवंशिकता आणि जगण्यातले ताण यांच्या मिश्रणातून तो आजार येतो. भरल्या घरातही येतो. दिग्दर्शकांनी हे उपदेश न करता दाखवले.

आता शीर्षकाकडे वळू. कासव म्हटले की आपल्याला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले कासव आठवते. ते अवयव आवरून घेते, तसा स्थिर बुद्धीचा माणूस इंद्रिये आवरतो. दुखावलेला तरुणही असाच कवचात शिरला आहे, असे प्रेक्षक सहज म्हणून जातो. पण आमच्या तांबळडेग-वायंगणीच्या वाळूत अंडी घालणारे ऑलिव्ह रिडले कासव हे करू शकत नाही. समुद्री कासवाला मान आणि वल्ह्यांसारखे पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. आत शिरते ते विहिरीतले, तळ्यातले कासव.

ही केवळ प्राणिशास्त्राची बारीक चूक काढणे नव्हे. नैराश्याने ग्रासलेल्या सगळ्याच माणसांना कवच मिटता येत नाही. काहींच्या नैराश्याखाली लहानपणापासूनचा दुसरा विकार असतो, तो म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता. नावावरून वाटते तसे यात लक्ष कमी नसते. ते हवे तेथे नेणे आणि नको तेथून काढणे अवघड जाते. खिडकीबाहेरचा पाण्याचा पंप, शेजारच्याची कुजबुज, कालची आठवण, सगळे एकाच जोराने आत येते. प्रौढपणी उड्या मारणे थांबते, पण विसरणे, लांबणीवर टाकणे, अर्धवट सोडणे चालूच राहते. प्रौढांत याचे प्रमाण सुमारे अडीच टक्के मानले जाते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात अशा प्रौढांपैकी सुमारे ३८ टक्क्यांना त्या वर्षभरात मनोदशेचा एखादा विकारही झालेला आढळला. दोहोंत आनुवंशिक धागे काही अंशी समान आहेत. शिवाय वर्षानुवर्षे ‘आळशी’, ‘बेफिकीर’ ऐकत वाढलेल्या माणसाचे स्वतःविषयीचे मत काय होणार, हे सांगायला संशोधक नको.

येथे ‘कासव’चे अपुरेपण जाणवते. माया आणि वाट पाहणे यांनी ओहोटी सरते, असा त्याचा एकंदर सूर आहे. मी स्वतः शिक्षक आहे आणि हे दोन्ही विकार घेऊन जगतो. माझ्या अनुभवात औषधाने उदासी ओसरली, तेव्हा किनाऱ्यावर काय उघडे पडले? न तपासलेल्या उत्तरपत्रिका, न भरलेले वीजबिल, तीनदा काढून तीनदा हरवलेला दाखला. मन बरे झाले होते, दिवस मात्र हाताला लागत नव्हता. घरच्यांनी वाट पाहिली, पण ते पुरे पडले नाही. अवधान-न्यूनतेचे निदान झाले तेव्हा मी ४३ वर्षांचा होतो.

चित्रपटाने तरुणाचा भूतकाळ मध्यभागी आणला नाही, आणि कलेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. वैद्यकात मात्र भूतकाळ लागतो. नैराश्यातही एकाग्रता जातेच. मग आधीचे कोणते हे ओळखायचे कसे? अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार यातली अनेक लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात. म्हणून डॉक्टर आईवडिलांना विचारतात, जुनी प्रगतिपुस्तके मागतात. माझ्या आईने ती पत्र्याच्या पेटीत जपली होती. चार वर्षे एकच शेरा होता: ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ एका बाईंनी मात्र लिहिले होते: ‘तोंडी उत्तर बरोबर देतो. लिहिताना मधेच थांबतो. वही रोज विसरतो. पुढच्या बाकावर बसवल्यास गणिते पूर्ण करतो.’ डॉक्टरांनी ते वाक्य दोनदा वाचले. पहिल्या शेऱ्यात निकाल होता. बाईंच्या शेऱ्यात निरीक्षण होते, आणि उपायही.

किनाऱ्यावर काम करणाऱ्यांना हा उपाय ठाऊक आहे. कासवाची पिल्ले रात्री उजळ क्षितिजाकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचे असते, पण रस्त्यावर दिवा असला की ती उलटी जमिनीकडे वळतात. तेथे कोणी पिल्लांना शिस्त लावत नाही, दिवा झाकतात. वर्गातही असे दिवे झाकता येतात: बाकाची जागा, एका वेळी एकच सूचना, मोठ्या कामाचे तुकडे. याने विकार जात नाही. पुढे औषधे आणि समुपदेशनही लागू शकते, आणि दोन विकार एकत्र असतील तर अधिक तीव्र असेल त्याच्यावर आधी उपचार करण्याचा प्रघात आहे. निदान मात्र शिक्षकाने करू नये, ते तज्ज्ञांचे काम. ज्याला गरज वाटते त्याने, शिक्षकानेही, केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर निःसंकोच फोन करावा.

‘कासव’ने आपल्याला ‘का?’ न विचारण्याचा संयम शिकवला, तो घ्यावाच. त्यात शिक्षकाने ‘केव्हा?’ आणि ‘कसे?’ यांची भर घालावी. वर्षअखेरीस शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवाल तेव्हा, तीस वर्षांनी ती ओळ कोणीतरी कारणासाठी वाचील, हे ध्यानात असू द्यावे.