एका परगण्याचा सातबारा

अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनर याने १९३६ साली आपल्या ‘ॲब्सलम, ॲब्सलम!’ या कादंबरीला स्वतः काढलेला एक नकाशा जोडला. योकनापटॉफा परगणा, क्षेत्र २४०० चौरस मैल, वस्ती गोरे ६२९८, काळे ९३१३, एकमेव मालक, विल्यम फॉकनर!

परगणा कल्पनेतला, पण बेतलेला मिसिसिपी राज्यातल्या लाफायेट काउंटीवर. तिथल्या ऑक्सफर्ड गावी फॉकनरची बहुतेक हयात गेली; कादंबऱ्यांत त्याचेच जेफर्सन झाले. उत्तरेस टॅलाहाची नदी, दक्षिणेस योकोना. हिचेच जुने नाव परगण्याला दिलेले. मधल्या तांबड्या टेकड्या कापसापायी धुपून गेलेल्या. हा भूगोल नुसता मागे टांगलेला पडदा नव्हे. ‘ॲज आय ले डाइंग’मध्ये (१९३०) एक शेतकरी कुटुंब आईचे शव खेचरांच्या गाडीतून जेफर्सनला नेते. पुराने पूल मोडलेले. खेचरे बुडतात, शवपेटी कशीबशी हाती लागते. पावसाळ्यात नदीकाठी मयत खोळंबलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या प्रकरणावर टीप नको. (वाक्ये मात्र पल्लेदार. माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्याने शब्दकोश जवळ घेऊनच बसावे.)

तरी मी अडतो तो ‘मालक’ या शब्दापाशी. खऱ्या काउंटीची जमीन चिकासॉ इंडियनांची. १८३२ च्या तहाने ती त्यांच्या हातून गेली, १८३६ त काउंटी झाली, आणि कापूस पिकवला तो गुलामांनी. नकाशात काळी वस्ती जवळजवळ दीडपट, पण नावे वाचीत जावे तर बहुतेक गोऱ्या घराण्यांची.

फॉकनरने हा हिशेब काढला तो १९४२ च्या ‘गो डाउन, मोझेस’मध्ये. आयझॅक मॅकॅस्लिन सोळाव्या वर्षी घरच्या दुकानाच्या जुन्या वह्या चाळतो. गुलामांची खरेदी, जन्म, मरण, सगळ्या तुटक नोंदी. त्या जुळवताना कळते, की आजोबांनी दासीच्या पोटच्या स्वतःच्या मुलीलाही सोडले नव्हते. एकविसाव्या वर्षी तो वारसा नाकारतो. पुष्कळ टीकाकार इथेच त्याला साधू ठरवून मोकळे होतात. पण जमीन नात्यातल्या गोऱ्या भावाकडे जाते आणि काळे भाऊबंद तीच कसत राहतात.

पुढे, आयझॅक म्हातारा झाल्यावर, त्या काळ्या शाखेतली एक तरुणी तान्हे मूल घेऊन त्याच्यापुढे उभी राहते. मूल त्या भावाच्या नातवाचे. आयझॅक तिला पैसे देतो, उत्तरेला परत जा म्हणतो. ती तोंडावर सांगते, त्याला बिघडवलेत ते मुख्यतः तुम्ही, त्याची नसलेली जमीन त्याच्या आजोबाला देऊन.

फॉकनरने या बाईला नाव दिलेले नाही.