उंबरठ्यावरचा पोलीस : एक निकाल वाचताना

निकाल वाचायचा म्हणजे शेवटचा परिच्छेद वाचायचा, अशी सवय आपल्याला परीक्षांनी लावली आहे. संशोधनात ती चालत नाही. उदाहरण म्हणून ‘वॉशिंग्टन विरुद्ध क्रिसमन’ हा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा निकाल घेऊ.

आधी घटना. जानेवारी १९७८. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या वसतिगृहातून एक विद्यार्थी अर्ध्या गॅलनची जिनची बाटली घेऊन बाहेर पडला. तो २१ वर्षांखालचा वाटला म्हणून विद्यापीठाच्या पोलिसाने ओळखपत्र मागितलं. ते अकराव्या मजल्यावरच्या खोलीत होतं. पोलीस सोबत गेला आणि दारातच थांबला. आत रूममेट होता. अर्ध्या-पाऊण मिनिटात पोलिसाला टेबलावर बिया आणि छोटी चिलीम दिसली. गांजा असावा म्हणून तो वॉरंटशिवाय आत शिरला. पुढे दोघांची संमती घेऊन झडती झाली, गांजा आणि एलएसडी सापडलं, आणि रूममेटवर गंभीर गुन्ह्याचा खटला चालला.

सरन्यायाधीश बर्गर यांचं बहुमत (६ विरुद्ध ३) म्हणतं : अटकेतल्या माणसाच्या अगदी जवळ राहण्याचा पोलिसाला अधिकार आहे. म्हणजे तो आधीच आत जाऊ शकला असता. मग नंतर गेला तर बिघडलं काय?

इथे थांबा. हा अधिकार कशासाठी आहे? आरोपी पळू नये, हत्यार उचलू नये यासाठी. पण पोलीस आत गेला तो बियांसाठी. ज्या कारणाने अधिकार दिला ते एक, आणि वापरला ते दुसरंच! न्यायमूर्ती व्हाइट यांनी असहमतीत याच जागी बोट ठेवलंय : वस्तू दारातून दिसली, एवढ्यानेच वॉरंटशिवाय आत शिरायची मुभा मिळत नाही. मला हा युक्तिवाद जास्त भक्कम वाटतो.

आणखी एक गोष्ट बहुमतात जवळजवळ हरवते. बाटली एकाची, खोली दोघांची. दारूच्या किरकोळ संशयावरून अडवलं एकाला, आणि घर उघडं पडलं दुसऱ्याचं. वसतिगृहाची खोली हे विद्यार्थ्याचं घरच असतं.

प्रकरण इथे संपलं असं समजू नका. ते परत गेल्यावर वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये राज्यघटनेच्या, म्हणजे त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे उलट निर्णय दिला : किरकोळ गुन्ह्यातल्या अटकेत धोका, पलायन किंवा पुरावा नष्ट होण्याची शक्यता दिसत नसेल, तर असा प्रवेश बेकायदा. पण हे संरक्षण त्या एका राज्यापुरतं.

तेव्हा निकाल वाचताना तीन गोष्टी तपासा : अधिकाराचा हेतू काय, असहमती नेमकी कुठे फुटते आणि प्रकरण परत गेल्यावर काय झालं. आणि विषय शोधत असाल तर हा घ्या : एकाच्या अटकेने रूममेटचा खासगीपणा किती उघडा पडावा?