जॅकने टंकलेली पाने

‘द शायनिंग’मधले सर्वांत भीतिदायक दृश्य कोणते, असे कोणी विचारले तर मी कुऱ्हाडीचे नाव घेणार नाही, लिफ्टमधून उसळणाऱ्या रक्ताचेही नाही. टंकयंत्राशेजारी नीट रचून ठेवलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचे घेईन.

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या या १९८० सालच्या चित्रपटात जॅक टॉरन्स हा लेखक होऊ पाहणारा गृहस्थ कोलोरॅडोच्या डोंगरातल्या ओव्हरलुक हॉटेलची हिवाळाभर राखण करायला जातो. सोबत बायको वेंडी आणि लहानगा डॅनी. बर्फाने वाट बंद होते. जॅक दिवसचे दिवस टंकयंत्र बडवत बसतो. एके दिवशी वेंडी ती पाने उलटते, तर पानोपानी एकच वाक्य. खेळ नाही, नुसते कामच काम, अशाने जॅक मंद होतो, अशा अर्थाची इंग्रजी म्हण. कुठे परिच्छेदासारखी, कुठे संवादासारखी मांडलेली. मजकूर नाही, पण लेखनाची शिस्त शाबूत आहे.

इतर भाषांतल्या प्रेक्षकांसाठी कुब्रिक यांनी उपशीर्षकांवर भागवले नाही. ती पाने त्या त्या भाषेत टंकून घेतली, आणि इंग्रजी म्हणीचे भाषांतरही केले नाही. इटालियन पानावर सकाळच्या तोंडात सोने असते. जर्मन पान आजचे काम उद्यावर ढकलू नकोस म्हणून बजावते. स्पॅनिश पान सांगते, कितीही लवकर उठलास तरी उजाडायचे तेव्हाच उजाडेल. फ्रेंच पानाला हातातले एक हे कबूल केलेल्या दोनांपेक्षा बरे वाटते. इंग्रजीत जॅक स्वतःचेच नाव परक्या माणसाचे असावे तसे टंकत राहतो. ती गंमत या चारही भाषांत हरवते. पण एक गोष्ट सगळीकडे टिकते. वेड लागलेला माणूस काहीबाही बरळत नाही. तो लहान मुलांना शिकवतात ते शहाणपण गिरवतो.

मूळ कादंबरीचे (१९७७) लेखक स्टीफन किंग यांना हा चित्रपट आवडला नाही. त्यांचा नायक भला माणूस आहे आणि हळूहळू ढासळतो. जॅक निकोल्सन मात्र पहिल्या प्रसंगापासूनच वेडसर दिसतो, ही त्यांची तक्रार. तक्रार खरी आहे. पण मला तेच या चित्रपटाचे बळ वाटते. जॅक वेडा कधी झाला, हा कुब्रिक यांचा प्रश्नच नाही. ते वेड समोर असताना सगळ्यांना चालून कसे गेले, हा आहे.

सुरुवातीलाच वेंडी डॉक्टरबाईंना एक हकीकत सांगते. जॅक पिऊन आला होता. डॅनीने त्याचे शाळेचे कागद खोलीभर पसरले होते. त्याने पोराला ओढले, जरा जोर जास्त लागला, हात दुखावला. असे मुलांच्या बाबतीत शंभरदा होतेच, असे ती म्हणते. वर, त्यातून चांगलेच झाले, तेव्हापासून त्याने दारू सोडली, हेही. शेली डुव्हाल हे सारे हसत बोलते, आणि डॉक्टरबाईंचा चेहरा मात्र हसत नाही. या भूमिकेसाठी डुव्हालला तेव्हा वाईट अभिनयाच्या रॅझी पुरस्काराचे नामांकन मिळाले होते. २०२२मध्ये ते मागे घेण्यात आले. ते हसू कशासाठी आहे हे कळायला बऱ्याच जणांना चाळीस वर्षे लागली.

पुढे जिन्यावर वेंडी बॅट हातात धरून मागे मागे सरकते, मुलाला इथून न्यायला हवे म्हणते. जॅक तिला विचारतो, मालकांप्रती माझी काही जबाबदारी आहे, याचा कधी विचार केलास का? एक मेपर्यंत हॉटेल सांभाळायचा करार केला आहे. करार, तत्त्व, शब्दाला जागणे. एकही शब्द वेड्याचा नाही. म्हणूनच अंगावर काटा येतो.

मी घरी बसून भाषांतरे करतो. टंकयंत्राचा आवाज येवो न येवो, मी या खोलीत आहे म्हणजे काम करतो आहे, असे जॅक वेंडीला सुनावतो. त्या दृश्यापाशी मी दर वेळी खाली बघतो. जवळजवळ तेच वाक्य मी माझ्या मुलीला मराठीत ऐकवले आहे. ती दार हळूच लोटून गेली होती. घरात कोणी ब्र काढला नव्हता, कारण बाबा कामात होते.

म्हणून मराठी पानावर कोणती म्हण टंकावी, हा प्रश्न मला नुसता गमतीचा वाटत नाही. ‘रिकामे मन सैतानाचे घर’ ही पहिली सुचते. त्या ओस हॉटेलला ती चपखलही बसते. पण तीत माणूस सुटतो आणि सारा दोष सैतानावर जातो. भुतांनी जॅकला कोठाराची कडी काढून दिली, हे खरे. पण पोराचा हात त्यांनी ओढला नव्हता. तेव्हा ते हॉटेल त्या कुटुंबाच्या गावीही नव्हते.

मी टंकली असती ‘थेंबे थेंबे तळे साचे’. काटकसर शिकवणारी, शाळेच्या भिंतीवर रंगवलेली, निरुपद्रवी म्हण. एक दुखावलेला हात, एक हसून सांगितलेली हकीकत, एक लोटलेले दार. तळे एका रात्रीत भरत नाही. थेंब पडताना घरातल्या सगळ्यांना ऐकू येत असतो.