‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणजे नेमकं काय करा?



आयोजकांनी आम्हाला विषय दिला तो असा: ‘रोजचा ताण आणि संथ श्वसन’. आम्ही फोनवर विचारलं, बाबांनो, तुम्हाला योगशिक्षक हवाय की तत्त्वज्ञानाचा मास्तर? ते म्हणाले, सर, शिकवणारे पुष्कळ आहेत, तपासून बघणारा हवाय. तेव्हा आज आम्ही श्वास शिकवणार नाही. श्वासाबद्दल जे बोललं जातं, ते तपासणार आहोत. ज्यांनी घरून चटया आणल्यात त्यांची माफी मागतो. (हशा)

रामवाडीत ताण शोधायला लांब जावं लागत नाही. इथे एस.टी.चं आगार आहे. ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींचा दिवस पहाटे कधी सुरू होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. शेजारून मुंबई-गोवा महामार्ग जातो. त्याच्या रुंदीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं आणि एक तपाहून जास्त रेंगाळलं. आणि पेण म्हटलं की गणपतीचे कारखाने. ऑर्डरी, उधारी, वाढलेलं रंगाचं बिल, पावसात न सुकणारी माती, वर प्लास्टर ऑफ पॅरिसचं काय होणार हा वर्षानुवर्षं टांगलेला प्रश्न.

आजच्या भाषणाची सुरुवात खरं तर अशाच एका कारखान्यात झाली. मालक आमच्या ओळखीचे. ते म्हणाले, “सर, ताणमुक्तीच्या शिबिराला गेलो होतो. तिथे सांगितलं, टेन्शन आलं की दीर्घ श्वास घ्या. घेतला. पंधरा-वीस घेतले. तर गरगरायला लागलं, बोटांना मुंग्या आल्या. मी घाबरलो, म्हटलं अटॅक येतोय. म्हणून आणखी जोरात श्वास घेतले.”

आता यात त्या गृहस्थांची चूक काहीच नाही. त्यांना जे वाक्य दिलं गेलं, ते त्यांनी प्रामाणिकपणे पाळलं. चूक वाक्यात आहे. ‘दीर्घ’ म्हणजे मोठा की लांब? आणि ‘घ्या’च का? सोडायचं कुणी सांगितलं नाही. माणसानं भराभरा मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर खाली येतो. तो खाली आला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, हातापायांना मुंग्या येतात. म्हणजे ताण घालवायला सांगितलेल्या उपायानं ताणाची हुबेहूब नक्कल शरीरात उभी केली.

या वाक्यामागे एक समजूत आहे. ती म्हणजे, जास्त श्वास म्हणजे जास्त ऑक्सिजन आणि जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त शांती. निरोगी माणसाच्या रोहिणीतल्या रक्तात ऑक्सिजनची पातळी मुळातच पंचाण्णव ते शंभर टक्के असते. भरलेल्या हंड्यात आणखी किती ओतणार? आणि ही समजूत खोडणारा माणूस कुणी परदेशी संशोधक नव्हे. इथून खोपोली, खोपोलीहून घाट चढला की लोणावळा. तिथे १९२४ साली कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. त्याच वर्षी त्यांनी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं. नौली करताना पोटात काय होतं ते क्ष-किरणांखाली बघायचं, आतला दाब मोजायचा, असा त्यांचा खाक्या. प्राणायामाबद्दल त्यांनी स्पष्ट म्हटलं, की त्याचं महत्त्व जादा ऑक्सिजनमध्ये नाही. जो माणूस योगाच्या बाजूनं उभा आहे, तोच योगाच्या नावानं चालणारी एक लोकप्रिय समजूत मोजून बाजूला ठेवतो. आम्हाला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे. शंभर वर्षं झाली, तरी व्यासपीठांवरून ऑक्सिजन अजून वाहतोच आहे.

मग संथ श्वासानं काहीच होत नाही का? होतं, आणि जे होतं ते फार सुंदर आहे. आत्ता बसल्या जागी मनगटावर नाडी धरा. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित मंदावतात. व्हेगस नावाची एक लांबलचक नस मेंदूपासून थेट पोटापर्यंत उतरते, हृदयाला ‘जरा हळू’ म्हणणारी तीच. श्वास सोडताना तिचा जोर वाढतो. आपण एरवी मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. ते सहाच्या आसपास आणले, की एका श्वासाचा फेरा दहा सेकंदांचा होतो. आणि रक्तदाब सावरणारी जी यंत्रणा शरीरात आहे, तिचीही एक लय साधारण दहा सेकंदांचीच असते. दोन झोके एका तालात आले की झोका उंच जातो, तसं हे.

२००१ साली लुचानो बर्नार्दी या इटालियन संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटा अभ्यास छापला. तेवीस निरोगी माणसं. त्यांना कधी लॅटिनमधली मेरीमातेची जपमाळ म्हणायला लावली, कधी ‘ओम मणि पद्मे हुम्’. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला आणि रक्तदाब सावरणारी यंत्रणा जास्त तल्लख झाली. कुणाला श्वास मोजायला सांगितलं नव्हतं. शब्दांची लांबीच तशी होती. आमच्या आईचं जातं आम्हाला आठवतं. ओवी एका दमात म्हणायची, तर श्वास हळूहळूच सोडावा लागतो. ती काही श्वसनाचा व्यायाम करत नव्हती, दळत होती.

‘दमात’ म्हटलं, तेव्हा जरा थांबू. हा शब्द मराठीत दोन घरांतून आला. फारसीत दम म्हणजे श्वास. संस्कृतात दम म्हणजे निग्रह, शम-दम यातला. मराठीनं दोघांचा संसार लावून दिला. ‘दम धर’ म्हणताना श्वास रोख म्हणतोय की धीर धर, हे आपल्याला वेगळं करताच येत नाही. झाडाखाली बसून दम खातो, काम करून दमतो. आणि साहेब दम देतो तेव्हा आपला श्वास अडकतो. ‘जरा दमानं घे’ हा सल्ला आपल्या आज्ज्या कुठल्याही शिबिराशिवाय देत होत्या, आणि त्यात जास्त घे असं नाही, सावकाश घे असं आहे. ‘दीर्घ श्वास घ्या’पेक्षा हे वाक्य शास्त्राला धरून आहे.

पतंजलीकडेही हेच दिसतं. चित्त प्रसन्न राहावं म्हणून पहिल्या पादात तो जे अनेक पर्याय देतो, त्यात श्वासाचा पर्याय येतो. तिथे त्याचा पहिला शब्द बाहेर टाकण्याचा आहे, आत घेण्याचा नाही. दुसऱ्या पादात प्राणायाम येतो तो आठांतला चौथा, आसनाच्या नंतर. आणि यम-नियम त्याही आधी. त्याचं फळ काय सांगितलंय? प्रकाशावरचं आवरण झिजतं आणि मन धारणेला लायक होतं. ‘ऑफिसातला ताण कमी होतो’ असं तिथे नाही. हठप्रदीपिकेत तर कपालभाती हा प्राणायामच नाही, ती शुद्धीची क्रिया आहे. आणि तोच ग्रंथ बजावतो, की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात तसा श्वास ताब्यात आणा. घाई कराल तर उचकी, दमा, खोकला, डोकेदुखी मागे लागेल. धोक्याची सूचना ग्रंथात आहे, शिबिराच्या पत्रकात नाही.

प्राचीन ग्रंथाचा आजच्या कामासाठी उपयोग करू नये, असं आमचं म्हणणं नाही. खुशाल करावा. पण मग ‘पाच हजार वर्षांपूर्वी ऋषींनी ताणावर शोधलेला उपाय’ असं म्हणू नये. त्यांचा प्रश्न वेगळा होता. त्यांना ताण घालवून परत कामावर जायचं नव्हतं. त्यातल्या बऱ्याच जणांनी काम केव्हाच सोडलं होतं! (हशा)

आता ‘किती’ हा प्रश्न. २०२३ साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ताणावरच्या बारा चाचण्या एकत्र करून पाहिल्या. श्वसनाच्या सरावानं ताण कमी झाल्याचं दिसलं. मोठा नव्हे, लहान ते मध्यम फरक. त्याच वर्षी त्याच मंडळींनी चारशे लोकांवर स्वतःचा प्रयोग केला. एका गटाला मिनिटाला साडेपाच श्वास, दुसऱ्याला बारा. रोज दहा मिनिटं, चार आठवडे. बारावाल्यांनाही वाटत होतं की आपण खरा उपाय करतोय. शेवटी संथ श्वासवाले त्यांच्यापेक्षा सरस ठरले नाहीत. आम्ही त्या संशोधकांना मनोमन नमस्कार केला. स्वतःच्या बाजूनं कौल मिळाल्यावर पुन्हा परीक्षेला बसणारे लोक कमी असतात.

यावरून संथ श्वास खोटा ठरत नाही. नाडीत होणारा फरक तुम्ही आत्ताच बोटांनी पाहिलात. पण चार आठवड्यांत माणसाला जे बरं वाटतं, त्यातलं श्वासाच्या आकड्याचं किती आणि दहा मिनिटं शांत बसायला मिळाल्याचं किती? आमचा कल दुसरीकडे आहे. दहा मिनिटं कुणी हाक मारत नाही, फोन वाजत नाही, ही चैन कुणाला मिळते? समोर बसलेल्या भगिनींना विचारतो, घरात तुम्हाला सलग दहा मिनिटं कधी मिळतात? (सभागृहात कुजबुज) बघा. उपाय फुकट आहे असं म्हणतात, पण त्याची किंमत दहा मिनिटं आहे, आणि ज्यांना ताण जास्त त्यांच्याकडे नेमकी तीच नसतात.

आता थोडं स्वतःविषयी, कारण दुसऱ्याचं तपासायचं आणि आपलं झाकायचं हे बरं नव्हे. निवृत्तीनंतर आम्हाला रक्तदाब निघाला. गोळी सुरू झाली. पहाटे उठून संथ श्वास करायची सवय आम्हाला आधीपासून होती आणि त्याचा थोडा अहंकारही होता. वाचलं होतं, की १९२७ साली गांधीजींनीही रक्तदाबाच्या तक्रारीवरून कुवलयानंदांशी पत्रव्यवहार केला होता. म्हटलं, त्या पंगतीत आपण का नसावं? गोळी आधी एक दिवसाआड झाली, मग बंदच झाली. गंमत म्हणजे अगदी छान वाटत होतं. मन शांत, झोप उत्तम. पाच महिन्यांनी दाढेच्या निमित्तानं दवाखान्यात गेलो, तिथे पट्टा बांधला, तर वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरीणबाई आमच्याच एका विद्यार्थ्याची मुलगी. म्हणाली, “आजोबा, शांत वाटणं आणि दाब कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.” आयुष्यभर आम्ही वर्गात अनुभव आणि प्रमाण यांतला फरक शिकवला, आणि तो आम्हाला पंचविशीतल्या पोरीनं पट्टा सोडता सोडता शिकवला. आणि गांधीजींच्या काळी रक्तदाबावर आजच्यासारख्या गोळ्याच नव्हत्या, हा तपशील आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो.

त्या कारखान्यात परत येऊ. आम्ही तिथे बसलो असताना एक कारागीर डोळ्यांची आखणी करत होता. हातात बारीक कुंचला. रेघ ओढण्याआधी तो श्वास हळूच सोडायचा आणि त्या सोडण्यातच रेघ ओढून व्हायची. मग मान वर, पुढची मूर्ती. त्याला विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाला, शिकवायचं काय, हात हलला की रेघ बिघडते. त्याच्या श्वासाला एक काम होतं. मालकांच्या श्वासाकडून मात्र त्या शिबिरानं कर्जाचं, पावसाचं आणि न आलेल्या पैशांचं काम करून घ्यायचं ठरवलं होतं. ते त्याला कसं झेपणार? ताणाचं कारण छातीच्या बाहेर आहे आणि उपाय फक्त छातीच्या आत शोधायचा, याची सोय कुणाला होते याचा विचार करा. जास्तीची पाळी लावणारा साहेबही मग म्हणू शकतो, तुम्ही प्राणायाम करत नाही, म्हणून तुम्हाला त्रास होतो. दोष पुन्हा दमलेल्याचाच.

मालकांना आम्ही एवढंच म्हटलं, की व्यापाऱ्याला पैशांसाठी फोन करायच्या आधी पाच-सहा वेळा सावकाश श्वास सोडा. आवाज चढणार नाही. पण फोन करा.

वेळ संपत आलीय. एक चिठ्ठी आलीय ती घेतो. “मग करायचं की नाही? आणि कसं?” करा. जेवून लगेच नको. नाकानं, आवाज न करता, पोट हललं तर उत्तम. आत घ्यायला चार मोजलेत तर सोडायला सहा मोजा. श्वास मोठा नको, लांब हवा. रोखून धरायचं प्रयोग म्हणूनही नको, विशेषतः हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर. गरगरलं तर सोडून द्या आणि नेहमीसारखा श्वास घ्या. छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर श्वास मोजत बसू नका, डॉक्टरकडे जा. आणि ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी आज रात्रीची घ्यायची आहे. आम्हीही घेणार आहोत.